उत्तेजक पूरके आणि रक्ताचा दाब

झाशीचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. नेवाळकरांच्या अमदानीत तेथे जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही त्या शहरात राहतात. आणि वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ ज्याने वाचला आहे, त्याच्या मनश्चक्षूंपुढून तेथील रस्ते व वाडे एकदा तरी गेलेले असतात. बडा बाजार हा त्या शहराच्या जुन्या वस्तीतील व्यापाराचा भाग होय. उत्तरेकडील अशा बाजारांत पंसाऱ्याचे दुकान हटकून असते. आपण ज्याला काष्ठौषधींचे दुकान म्हणतो, तेच हे. मुळ्या, साली, बिया आणि वाळलेल्या काड्या यांनी भरलेली पोती तेथे ओळीने मांडलेली दिसतात. अलीकडे मात्र लहानमोठ्या सर्वच शहरांत आणखी एका प्रकारचे दुकान दिसू लागले आहे. तेथे पोती नसतात. प्लास्टिकच्या मोठ्या रंगीत बरण्या असतात, आणि त्यांवर बल, दम व स्फूर्ती यांची आश्वासने छापलेली असतात. व्यायामापूर्वी पाण्यात कालवून घ्यावयाची ही चूर्णे ‘पूरक आहार’ म्हणून विकली जातात.

वरवर पाहता या दोन दुकानांचा एकमेकांशी काही संबंध नाही. परंतु पंसाऱ्याकडे पूर्वापार मिळत आलेल्या दोन वनस्पतींची हकीगत समजून घेतली, की त्या रंगीत बरणीत काय आहे आणि ती रिकामी करणाऱ्याच्या शरीरात काय घडते, हे समजणे सोपे जाते. त्यांपैकी एक सोमलता. ही रक्ताचा दाब वाढविते. दुसरी सर्पगंधा; ही तो उतरविते. एक रोग आणि दुसरी त्याचे औषध, असा सरळ हिशेब कोणी मांडील तर तो मात्र फसेल. तो का फसतो, हे सांगणे हाच या पुस्तिकेचा मुख्य हेतू आहे.

दाब म्हणजे काय

हृदय दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त रोहिण्यांत (धमन्यांत) ढकलते. रोहिण्या पुढे बारीक होत जातात, आणि त्यांच्या शेवटच्या बारीक शाखा स्नायुयुक्त भिंतींच्या असल्यामुळे आकुंचन पावू शकतात. हृदयाने ढकललेले रक्त आणि या बारीक वाहिन्यांनी केलेला अवरोध, या दोहोंमुळे रोहिणीच्या भिंतीवर जो ताण पडतो तोच रक्ताचा दाब. हृदय आकुंचन पावते तेव्हा तो सर्वांत अधिक असतो व ते शिथिल होते तेव्हा सर्वांत कमी. म्हणूनच डॉक्टर दोन आकडे सांगतात. १२० व ८० हे निरोगी प्रौढ माणसाचे परिचित आकडे होत. ते पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरांत मोजलेले असतात.

हा दाब प्रथम मोजला तो इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने, एका घोडीच्या रोहिणीत नळी बसवून. त्याने १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार काचेच्या उभ्या नळीत रक्त सव्वाआठ फूट उंच चढले. माणसावर असा प्रयोग करणे शक्य नव्हते. १८९६ साली इटलीतील रिवा-रोची यांनी दंडाला बांधून फुगविता येईल असा पट्टा योजिला, आणि १९०५ साली रशियातील कोरोटकॉफ यांनी पट्ट्याखालील रोहिणीतून निघणारे आवाज ऐकून दोन्ही आकडे काढण्याची रीत सांगितली. दवाखान्यात आपल्या दंडाभोवती जो पट्टा गुंडाळला जातो, त्याचे मूळ हे आहे.

बारीक वाहिन्यांच्या अवरोधाविषयी एक गणित विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावे. नळीतून वाहणारा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या केवळ दहा टक्क्यांनी घटली, म्हणजे १ च्या जागी ०.९ झाली, तर ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९ = ०.६५६. म्हणजे तेवढ्याच दाबाखाली वाहणारे रक्त सुमारे एकतृतीयांशाने कमी होईल. आणि पूर्वीइतकेच रक्त वाहावयाचे असेल, तर दाब दीडपट करावा लागेल. शरीरात प्रत्यक्ष इतकी वाढ सहसा होत नाही, कारण मानेतील रोहिणीत व महारोहिणीत दाबाची जाणीव ठेवणारी केंद्रे आहेत आणि ती मेंदूला तत्काळ खबर देऊन हृदयाला आवर घालतात. तरीही वाहिन्यांच्या किंचित आकुंचनाने केवढा फरक पडू शकतो, याची कल्पना या गणितावरून येते. उत्तेजक द्रव्ये नेमका हाच किंचित बदल घडवितात.

वाढलेला दाब बहुधा दुखत नाही. धडधड झाली तर ती जाणवते, डोके चढले तर ते कळते. पण दाब १५० झाला की १२० राहिला, हे मोजल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. ‘मला काही होत नाही’ हे उत्तर या विषयात पुरावा म्हणून उपयोगी नाही.

काड्यांतील उत्तेजक

सोमलता या नावाने विकल्या जाणाऱ्या काड्या एफेड्रा या झुडपाच्या असतात. वेदांतील सोम तो हाच काय, हा वाद विद्वानांचा आहे. त्यात येथे पडण्याचे कारण नाही. हिमालयाच्या कोरड्या प्रदेशात हे झुडूप उगवते. त्याच्या जातीचेच झुडूप चीनमध्ये ‘मा हुआंग’ या नावाने दम्यावर व सर्दीवर दीर्घकाळ वापरले जात असे. त्यातील गुणकारी द्रव्य जपानी रसायनज्ञ नागाई यांनी १८८५ साली वेगळे केले; तेच एफेड्रीन. पुढे १९२४ च्या सुमारास पेकिंगमध्ये चेन व श्मिट यांनी त्याचे गुणधर्म जगापुढे मांडले, आणि त्यानंतर कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळेत रामनाथ चोप्रा यांनी भारतीय एफेड्राच्या जाती तपासल्या.

एफेड्रीन कसे काम करते? आपल्या इच्छेवाचून चालणारी एक मज्जासंस्था शरीरात आहे. संकट समोर दिसताच ती हृदयाला धाव घ्यावयास लावते, वाहिन्या आवळते आणि श्वासनलिका रुंदावते. या मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलीन नावाच्या द्रव्याचा साठा लहान लहान कोशांत भरून ठेवलेला असतो. एफेड्रीन या कोठाराचे दार उघडते. वाघ समोर नसताना शरीराला वाघ दिसल्यासारखे होते. श्वास मोकळा होतो, झोप पळते, भूक मंदावते; हृदय जोराने धावते आणि दाब चढतो. यांतील पहिल्या लाभासाठी दमेकऱ्याने ते डॉक्टरच्या देखरेखीखाली घेणे निराळे, आणि शेवटच्या दोन परिणामांचा विचार न करता ‘चरबी जाळण्यासाठी’ घेणे निराळे.

कॅफीनचा मार्ग वेगळा आहे. जागेपणी मेंदूत अडिनोसीन नावाचे द्रव्य हळूहळू साचत जाते. तेच थकव्याची व झोपेची जाणीव देते आणि अनेक वाहिन्यांना सैलही करते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. त्यामुळे थकवा नाहीसा होत नाही, केवळ त्याची खबर पोहोचत नाही. चहाकॉफीची सवय नसलेल्या माणसाचा दाब यामुळे काही वेळ पाच ते दहा मिलिमीटरांनी वाढू शकतो. सवय असलेल्यांत ही वाढ कमी आढळते, पण सर्वांत ती नाहीशी होत नाही. पोटात गेलेले कॅफीन अर्ध्या ते एका तासात रक्तात शिगेला पोहोचते, आणि निरोगी प्रौढाच्या शरीरातून त्याचा निम्मा भाग जाण्यास सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या मात्रेचा निम्मा अंश रात्री अकरालाही रक्तात असतो. मग झोप येत नाही, दुसऱ्या दिवशी अंग जड वाटते, आणि ते जडपण घालविण्यासाठी मात्रा वाढविली जाते. अपुरी झोप स्वतःच रक्तदाबाला अपायकारक आहे, ही गोष्ट या फेऱ्यात कोणी लक्षात घेत नाही.

कोठार रिकामे करणारे मूळ

आता दुसऱ्या वनस्पतीकडे वळू. सर्पगंधेचे मूळ बिहारकडे वेडावरील औषध म्हणून प्रसिद्ध होते. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी त्याच्या वापराने रुग्ण शांत होतो आणि रक्तदाबही उतरतो, असे नमूद केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी या मुळातील अल्कलॉइडे वेगळी करीत होते. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. परंतु या कामाकडे जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या एका डॉक्टरने. केईएम रुग्णालयातील हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. तोपर्यंत उच्च रक्तदाबावर भरवशाचे असे औषध जवळजवळ नव्हते. तीनच वर्षांनी, १९५२ साली, स्वित्झर्लंडमधील बासेल येथे त्या मुळातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे हे नाव पाठ्यपुस्तकांत फारसे आढळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

रिसर्पिन काय करते, हे उलगडले तेव्हा मोठी मौज दिसून आली. एफेड्रीन ज्या कोठाराचे दार उघडते, तेच कोठार रिसर्पिन रिकामे करते. नॉरॲड्रेनॅलीन कोशांत साठवून ठेवण्याची क्रियाच ते बंद पाडते. १९५८ साली बर्न व रँड या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी याची सुंदर परीक्षा घेतली. जनावरांना अगोदर रिसर्पिन देऊन ठेवले, तर जे पदार्थ कोठार उघडून दाब वाढवितात त्यांचा प्रभाव नाहीसा झाला. दार उघडले, पण आत काही नव्हते. उलट नॉरॲड्रेनॅलीन बाहेरून टोचले, तर दाब नेहमीपेक्षाही अधिक चढला. उपाशी राहिलेल्या वाहिन्या जणू त्या द्रव्याला अधिकच उत्सुक झाल्या होत्या.

एखादा चुणचुणीत विद्यार्थी येथे विचारील, ‘मग एकाने चढवावे, दुसऱ्याने उतरवावे, दोन्ही एकदम घेतली तर?’ प्रश्न वाजवी आहे, पण उत्तर नकारार्थी आहे. पहिले कारण वेळेचे. एफेड्रीन तासाभरात काम करते व काही तासांत ओसरते. रिसर्पिनचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस ते आठवडे लागतात आणि औषध बंद केल्यावरही तो रेंगाळतो. भरधाव गाडी आणि सावकाश लागणारा ब्रेक यांचा मेळ बसत नाही. दुसरे कारण असे की एफेड्रीन केवळ दार उघडीत नाही, ते वाहिन्यांवर थोडे प्रत्यक्षही काम करते. आणि रिकाम्या कोठाराच्या वाहिन्या प्रत्यक्ष उत्तेजनाला अधिक संवेदनशील असतात, हे आपण आताच पाहिले. तिसरे, रिसर्पिनने नाक चोंदते, नाडी मंदावते आणि काहींना, विशेषतः मोठ्या मात्रेत, खोल औदासीन्य येते. यामुळेच पुढे अधिक सौम्य औषधे निघाल्यावर त्याचा वापर फार कमी झाला. शिवाय मुळाच्या पुडीत द्रव्य किती आहे, हे पुडी बांधणाऱ्यालाही ठाऊक नसते.

हीच चूक आज निराळ्या वेषात केली जाते. समजा, बड्या बाजाराच्या एखाद्या गल्लीत राहणारा मराठी कुटुंबातील तरुण सैन्यभरतीच्या धावण्याची तयारी करीत आहे. बरणीतील चूर्णाने त्याची छाती धडधडते. घरात आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. ‘आजोबा रोज घेतात, त्यांना काही होत नाही’ असे म्हणून तो त्यांतील एक घेतो. ती गोळी प्रोप्रॅनोलॉलसारखी असेल, तर ती हृदयाचा वेग कमी करते. परंतु वाहिन्या आवळणारे उत्तेजन तसेच राहते, आणि वाहिन्या सैल करणारी जी थोडी यंत्रणा असते तीही बंद होते. नाडी शांत होते, म्हणून तरुणाला बरे वाटते. दाब मात्र उतरण्याऐवजी चढू शकतो. धोक्याची घंटा बंद केली, आग तशीच राहिली. गोळी दुसऱ्या जातीची, वाहिन्या सैल करणारी असेल, तर उलट प्रकार होतो. चूर्णाचा अंमल काही तासांत ओसरतो, गोळीचा दिवसभर टिकतो; मग उन्हात धावताना घेरी येते. झाशीकडे जेठातल्या उन्हात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेचा अनुभव

एफेड्रा हे पुरातन व वनस्पतिजन्य, म्हणून निरुपद्रवी, अशी समजूत अमेरिकेत पसरली होती. १९९४ च्या कायद्याने तेथे पूरक आहार विक्रीपूर्वी सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याची जरुरी उरली नाही, आणि एफेड्रा व कॅफीन एकत्र केलेल्या गोळ्यांचा सुळसुळाट झाला. २००० साली हॅलर व बेनोविट्झ यांनी अशा गोळ्यांनंतर घडलेल्या अपायांच्या १४० तक्रारी तपासल्या. त्यांपैकी ज्यांचा गोळ्यांशी संबंध निश्चित, संभाव्य वा शक्य वाटला, त्यांत दहा माणसे दगावली होती आणि तेरांना कायमचे अपंगत्व आले होते. सर्वांत अधिक वेळा आढळलेला दोष उच्च रक्तदाब हाच होता. फेब्रुवारी २००३ मध्ये फ्लॉरिडातील उन्हात सराव करताना स्टीव्ह बेक्लर हा अवघ्या तेवीस वर्षांचा बेसबॉलपटू उष्माघाताने मृत्यू पावला. त्यात एफेड्राचा वाटा असल्याचे वैद्यकीय तपासणीत सांगितले गेले. एप्रिल २००४ पासून अशा पूरकांची विक्री तेथे बंद झाली.

बंदीने मागणी मात्र संपली नाही. एफेड्राच्या जागी कडू नारिंगाच्या सालीतील सिनेफ्रीन आले, योहिम्बीन आले, आणि मिथाइलहेक्झानअमीन नावाचे एक कृत्रिम द्रव्यही आले. या शेवटच्या द्रव्याचा फटका भारताला बसला. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर अनेक भारतीय खेळाडूंच्या चाचणीत ते सापडले. ते वाहिन्या आवळून दाब वाढविते, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली दिला. बरणीवरील नाव बदलते. आत बहुधा त्याच कोठाराची निराळी किल्ली असते.

ज्येष्ठमधाचाही येथे उल्लेख केला पाहिजे, जरी ते उत्तेजक नव्हे. घसा धरला असता एखादी कांडी चघळणे वेगळे. परंतु रोज मोठ्या प्रमाणात घेतलेले ज्येष्ठमध मूत्रपिंडातील एका एंझाइमाला अडवून शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर घालविते. दाब वाढतो, स्नायू दुबळे होतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात; आणि बंद केल्यावरही हा परिणाम काही आठवडे टिकतो. ‘नैसर्गिक’ या शब्दाने मात्रेचा प्रश्न सुटत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या तरी माहितीत नाही.

मोजावे कसे व करावे काय

प्रथम बेरीज करावी. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत व एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेतल्यास सामान्यतः धोका नाही, असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली ठरविले. गर्भवतीसाठी दिवसाची मर्यादा २०० आहे. चहाच्या एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. भारतीय नियमांप्रमाणे कॅफीनयुक्त पेयात लिटरला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन असू नये. म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात फार तर ७५. ही पेये लहान मुलांनी घेऊ नयेत, अशी सूचनाही त्या डब्यावर असावी लागते. बरणीतील चूर्णाच्या एका मापात मात्र २०० ते ३०० मिलिग्रॅम आढळणे नवलाचे नाही. दोन कप चहाचे ८०, एका डब्याचे ७५, एका मापाचे २५०: बेरीज ४०५. आपण ‘फक्त एक माप’ घेतो, असे सांगणारा मनुष्य मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो. बरणीवर ग्वाराना हे नाव असेल तर तेही कॅफीनच समजावे. अनेक घटकांचे मिश्रण म्हणून एकच वजन दिलेले असेल आणि प्रत्येकाचे प्रमाण छापलेले नसेल, तर बेरीज करताच येत नाही. असे चूर्ण विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग दाब मोजावा, आणि तो दोन प्रकारच्या दिवशी मोजावा. प्रथम ज्या दिवशी चूर्ण घेतलेले नाही अशा दोन-तीन दिवशी, सकाळी व संध्याकाळी. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीवर असावा. पट्टा दंडाच्या मानाने तोकडा असेल तर आकडा खोटाच अधिक येतो. व्यायामाने दंड भरलेल्या तरुणांत ही चूक फार होते. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घरी मोजलेल्या आकड्यांची सरासरी १३५ व ८५ किंवा त्याहून अधिक आली, तर ती वाढलेली समजतात. दवाखान्यात हीच सीमा १४० व ९० ची आहे. या पायरीवरच दाब वाढलेला आढळला, तर पुढील प्रयोग करूच नये. अशा माणसाने उत्तेजक चूर्ण घेऊ नये आणि डॉक्टरांना भेटावे. ज्याला हृदयविकार, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार आहे, जी स्त्री गर्भवती आहे, आणि जो अजून शाळेत शिकतो आहे, त्यांनाही हेच लागू.

दाब सामान्य असून ज्या प्रौढाने चूर्ण घेण्याचे ठरविलेच आहे, त्याने मात्रा घेतल्यावर पाऊण ते एक तासाने, व्यायामाला हात लावण्यापूर्वी, पुन्हा मोजावे. कॅफीनचा जोर तेव्हा सर्वांत अधिक असतो. व्यायामापूर्वी मोजण्याचे कारण असे, की जड वजन उचलताना दाब तसाही प्रचंड चढतो. १९८५ साली कॅनडातील संशोधकांनी रोहिणीत सुई घालून मोजला, तेव्हा पायांनी वजन रेटताना तो सरासरी ३२० व २५० पर्यंत गेलेला आढळला. श्वास रोखून धरल्याने तो आणखी वाढतो. हे निरोगी पहिलवानाची वाहिनी क्षणभर सोसते. पण अगोदरच आवळलेल्या वाहिन्यांवर हा भार टाकणे म्हणजे भरलेल्या घागरीखाली तडा गेलेली चुंबळ ठेवण्यासारखे आहे.

चूर्णाच्या दिवशीचा आकडा सीमेपलीकडे गेला, किंवा दोन्ही दिवसांच्या आकड्यांत दहाहून अधिक अंतर वारंवार पडले, तर उपाय एकच: चूर्ण बंद. त्याच्या जोडीला गोळी नव्हे. डॉक्टरकडे जाताना बरणीच घेऊन जावी. नाव सांगण्यात चूक होते, आणि रुग्णाने पूरकांचा उल्लेखच न केल्यामुळे नसलेल्या रोगासाठी गोळ्या सुरू होण्याचा संभव असतो. सर्दीवरील नाक मोकळे करणाऱ्या गोळ्याही त्याच जातीच्या असतात, आणि अंगदुखीवरील आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मीठ धरून ठेवून दाब वाढवितात. त्यांचीही माहिती द्यावी. ज्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनीच चालू केल्या आहेत, त्याने त्या आपल्या मनाने थांबवू नयेत.

दाब १८० व १२० च्या वर असून छातीत दुखत असेल, दम लागला असेल, एका बाजूचा हातपाय लुळा पडला असेल, बोबडी वळली असेल वा दिसेनासे झाले असेल, तर वहीत आकडे लिहीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठे रुग्णालय गाठावे. झाशीकरांना शहरातच महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ही चिन्हे दिसली, तर आकडा कमी असला तरीही थांबू नये.

चूर्ण सोडताना एक अडचण येते, ती आधीच माहीत असलेली बरी. रोजचे कॅफीन एकदम बंद केले, तर बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. हा त्रास दोन दिवसांच्या आसपास सर्वांत अधिक असतो व आठवडाभराने जातो. तो टाळावयाचा असेल, तर मात्रा दर तीन-चार दिवसांनी चतुर्थांशाने कमी करीत जावी. मात्र आकडा फार वाढलेला असेल तर डोकेदुखी पत्करून एकदम थांबणेच बरे. शेवटच्या मात्रेनंतर दोन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस, पूर्वीसारखेच स्वस्थ बसून मोजावे. तो आकडा बरणीचा नसून त्या माणसाचा स्वतःचा असतो, आणि डॉक्टरांना दाखवावयाचा तो हाच.